आखाजीचे मांडे

माय,

काल जळगावला डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर माझ्या गर्भाशयातल्या गाठी दाखवल्या. तीन आहेत, एक चांगली लिंबाएवढी. मी घाबरून कॅन्सरचं विचारलं, तर म्हणाल्या, "नाही हो, साध्या मांसाच्या गाठी. पुष्कळ बायकांना असतात, कित्येकींना कळतही नाहीत. पण आतल्या अस्तराजवळ असल्या की पाळी लांबते, रक्त कमी होतं, दम लागतो. मोठ्या झाल्या की पोट दिसायला लागतं, सारखं लघवीला जावं लागतं. उपाय आहेत, उशीर मात्र करू नका." मग सहज विचारलं, "आईला होता का असा त्रास?" मी म्हणाले, माहीत नाही. चव्वेचाळीस वर्षांची बाई इतकं धडधडीत खोटं बोलते.

माहीत कसं नाही? पाण्याचा हंडा उतरवून तू ओट्यावर धापा टाकत बसायचीस. चुलीच्या कडेची भाजकी माती खरवडून तोंडात टाकायचीस, आणि मी मैत्रिणींना हसत सांगायचे की माझी माय चूल खाते. रक्त कमी झालं की काहींना अशी माती खावीशी वाटते, हे मला काल कळलं. बायका तुझ्या पोटाकडे बघून विचारायच्या, "कितवा महिना शे वं?" तू विषय बदलायचीस. गावाच्या हिशेबात पाळी चार दिवसांची. तुझी पंधरा-पंधरा दिवस चालायची, आणि तेवढे दिवस बाहेर बसलीस तर घरात रांधणार कोण? म्हणून पाचव्या दिवशी न्हाऊन तू चुलीपाशी यायचीस आणि पुढचं कोणाला सांगायची नाहीस.

त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी बारा वर्षांची होते. साक्रीकडच्या आपल्या घरी वारलेल्या आजोबांच्या नावानं पाण्याची घागर भरायची होती, पुढे मांड्यांचा नैवेद्य. सगळ्या भाऊबंदकीत मांडे टाकावेत ते तूच. पुरणाचा उंडा हातावर फिरवत कोपरापर्यंत पसरायचा आणि अलगद खापरावर सोडायचा, बाकीच्या जावांचा फाटायचा. मी अजून बघते आहे, तू चुलीपुढे पाटावर बसली आहेस, शेजारी मांड्यांची चळत वाढते आहे. घागरीची वेळ होते, सगळी मंडळी जमतात आणि मी मोठ्यानं म्हणते, "माय, तुनं लुगडं खराब शे."

खापरावरचा मांडा करपतो, कोणी उचलत नाही. मोठी काकू, आपण जिला अक्का म्हणायचो, ती म्हणते, "उठ वं. पितरेसनं शे हाई, तुले समजत नही का? बठ्ठा मांडा ढोरेसले टाका." काका माझ्याकडे वळतात, तर तू पदर मागून ओढून घेत म्हणतेस, "पोर शे ती. तिले काही बोलू नका." आणि गोठ्याच्या बाजूला निघून जातेस. त्या दिवशी म्हशींनी मांडे खाल्ले.

आखाजी झाली की धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात जायचं तुझं ठरलं होतं, मावशीला तू सांगितलं होतंस. पण चारचौघांत एवढी शोभा झाल्यावर तू तो विषयच काढू दिला नाहीस. तीन वर्षांनी तू वारलीस तेव्हा सगळे म्हणाले, अशक्तपणा होता. तो कशानं आला, हे कोणी विचारलं नाही, मीही नाही. तुला काय झालं होतं हे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण धुळ्याला गेली असतीस तर निदान कळलं असतं.

भाऊ नाही म्हणून तुझी घागर आता मी भरते. यंदा भरली तेव्हा माझ्या पाळीचा अकरावा दिवस होता. जाऊबाईंनी हळूच विचारलं, "चालतंय ना?" मी म्हणाले, "चालतंय." तुझ्यापुढे नैवेद्य ठेवून मी मागे सरले, पण विटाळाच्या भीतीनं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं? कागदांच्या डब्यात गाठींच्या रिपोर्टाखाली ठेवीन. परवा डॉक्टरीणबाईंकडे जाईन तेव्हा तुझ्याबद्दल खरं सांगेन. पण एक गोष्ट त्यांनाही सांगणार नाही. मी पोर होते म्हणून बोलून गेले, असं तू समजलीस. तसं नव्हतं, माय. त्या सकाळी मी आखाजीच्या झोक्यावर खेळायला निघाले तेव्हा तू मला मागे ओढलंस, "पहिले पुरन वाट, मंग झोकावर जाय." पुरण वाटतानाच मला तो डाग दिसला होता. तेव्हा घरात आपण दोघीच होतो. मी सगळे जमेपर्यंत थांबले.