भटूची बॅग

१४ ऑक्टोबर
माझ्या ओमचं एचबी परत उतरलं. ओठ पांढरे, नुसती चिडचिड. थॅलेसेमियाच्या पोरांकडे बदल्यात डोनर मागायचा नाही असा नियम आहे म्हणे. रक्तपेढीवाले म्हणतात स्टॉक नाही, माणूस आणा. दिवाळीच्या तोंडावर माणूस कुठून आणू? यांच्या लूमच्या कारखान्यातले सगळे गावाला निघाले. यांची रक्त द्यायची पाळी पुढच्या महिन्यात.

उरला धाकटा दीर, भटू. जेवताना विषय काढला तर मान खाली. "वहिनी, माले बरं नही वाटी राहिनं." मोबाईलवर खिदळताना बरं वाटतं! सगळ्यांसमोर सुनावलं. बायको नाही, पोर नाही, रक्त कोणासाठी साठवून ठेवलंय? का बांगड्या आणून देऊ? सासूबाईसुद्धा हसल्या. मग झाला तयार.

१५ ऑक्टोबर
नेलं एकदाचं. रिक्षात बसला होता खाटकाकडे चालल्यासारखा. फॉर्मवर नंबर माझाच टाकला, हा कुठे फोन उचलतो. आतल्या खोलीत एकेकाला बोलावून विचारतात, कावीळ झाली होती का, बाहेरच्या बायकांकडे जाता का, असलं सगळं. तिथली गुजराती बाई म्हणाली, बेन, तमे बहार बेसो. मी कसली बसते! पळाला असता हा. यांच्या वेळी पण मी दारातच असते. भटूने माझ्याकडे बघितलं, मग तिला म्हणाला, "नहीं नहीं, कुछ नहीं."

सुई टोचल्यावर डोळे गच्च मिटले. एवढा घोडा झाला तरी...

१९ ऑक्टोबर
ओमला बॅग लागली. बी पॉझिटिव्ह, भटूचाही तोच ग्रुप. कोणाची बॅग ते सांगत नाहीत, पण मी ओमला म्हटलं, काकाची आहे, आता काकासारखा घोरशील. किती हसलं पोर. संध्याकाळी गाल लाल. भटूसाठी मुद्दाम शेवभाजी केली.

२१ जानेवारी
मधल्या बॅगा कशाबशा मिळाल्या, आता परत तेच, माणूस आणा. यांना रक्त देऊन अजून तीन महिने झालेले नाहीत. भटू या वेळी स्वयंपाकघरात आला, मी एकटी बघून. "वहिनी, माले नको लई जाऊ. दुसरा कोनी देख." का? दिवाळीनंतर ताप आला होता, तेव्हापासून याची रडगाणी चालूच. ओमला उचलून त्याच्या मांडीवर टाकलं. म्हटलं, याला तूच सांग, काका देत नाही म्हणून.

गेला. मी दारातच.

३० जानेवारी
मजुरीच्या साडीला चमकीच्या टिक्क्या लावत होते. रक्तपेढीचा फोन, भटूभाईला पाठवा. काय झालं? "बेन, फोन पर ना केवाय."

आठ वर्षं त्या बाकांवर काढलीत मी. फोनवर न सांगण्यासारखं काय असतं ते मला माहीत आहे. अख्खी साडी वाकडी झाली, परत उसवली.

२ फेब्रुवारी
भटू जाऊन आला. जिन्यातच गाठला. एचआयव्ही निघालं.

मेल्या, तुला माहीत होतं? "डाऊट व्हता." मग बोलला का नाहीस?

"कोनले बोलू? ती बाई इचारी राहिंती आनि तू दारमा उभी."

थोबाडीत दिली. हात झणझणला. त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही. म्हणे, आईले नको सांगू. सांगणारच होते. नाही सांगितलं. कोणत्या तोंडाने सांगू?

३ फेब्रुवारी
त्याला घेऊन रक्तपेढीत मीच गेले. या वेळची बॅग त्यांनी फेकून दिली. मागची?

तिथली रिपोर्ट समजावणारी पोरगी म्हणाली, मागच्या वेळी टेस्ट साफ होती. पण लागण नवीन असली तर काही दिवस टेस्टमध्ये दिसत नाही. मागची बॅग कोणाला गेली? सांगता येत नाही, बेन, शोधतोय. हीच पोरगी ओमला चॉकलेट देते. आज माझ्याकडे बघत नव्हती.

देवा, दुसऱ्या कोणालाही गेली असू दे. कोणाच्याही पोराला. लिहिलं ते लिहिलं, खोडणार नाही.

१६ फेब्रुवारी
फोन आला. ओमला घेऊन या, तपासणीला रक्त द्यायचंय.

म्हणजे...

घरी सांगितलं, नेहमीचीच टेस्ट आहे. सुई टोचताना ओम म्हणतो, "काका का नाही आला? मला काकाचंच पाहिजे." घोरून दाखवलं त्या पोरीला. ती उठून आत गेली.

भटू जेवायला बसत नाही. सासूबाई मागे लागल्यात, "काय व्हयनं तुले?" मी पोळ्या लाटत राहिले. त्याचा पेला मी वेगळा ठेवते. पेल्याने काही होत नाही, मला पाठ आहे. तरी ठेवते. त्याने ते बघितलं आणि आज नळाला तोंड लावून पाणी प्यायला.

१७ फेब्रुवारी
रिपोर्ट उद्या. एचबी सहाच्या खाली, बॅग आजच पाहिजे. माणूस आणा.

यांचे तीन महिने भरले. यांना अजून काहीच माहीत नाही. वाटेत मजेत होते, ओमला खांद्यावर घेतलं होतं. नाव पुकारलं तशी सवयीने मी दारापर्यंत गेले. त्या बाईने वर बघितलं. मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि ओमला घेऊन पार खाली फाटकाजवळ जाऊन उभी राहिले. आठ वर्षांत पहिल्यांदाच यांना तिथे एकटं सोडलं.

लगेच आले. बाही खाली, हाताला कापूस नाही.

"माझं नाही चालणार."

इतकी वर्षं चाललं की! ओठांवर आलं होतं. हे माझ्याकडे बघत नव्हते, ओमच्या बुटाची नाडी बांधत बसले. ती सुटलेली नव्हती.

का, ते मी विचारलं नाही.