तुझ्या चैत्रांगणाचं आमंत्रण

प्रिय सुषमा,

आज सकाळी तुझ्या वेबसाइटवर एक प्रश्न आलाय आणि मला त्याचं उत्तर येत नाही. तू असतीस तर स्वयंपाकघरातूनच सांगितलं असतंस. आता कोणाला विचारू? म्हणून हे पत्र.

हो, तुझी वेबसाइट! तू गेल्यावर तुझ्या मोबाइलमध्ये चैत्रांगणाचे फोटो सापडले. चैत्रात तू गौरीसाठी दारापुढे ही रांगोळी काढायचीस, एवढंच मला ठाऊक. फोटो काढून ठेवतेस हे कधी बोलली का नाहीस? मी काय परका होतो?

साड्या आपली लेक मुक्ता घेऊन गेली. उरले हे फोटो. मोबाइल बिघडला तर तेही जातील, या धास्तीने त्यांची वेबसाइट करायला मी टावर चौकातल्या कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागलो. सगळा जन्म रेल्वेत काढला, पण तिथे शिकवणाऱ्या मॅडमना एकच गोष्ट चारचारदा विचारायचो. एक अर्धवट फोटो बघून मुक्ता फोनवर म्हणाली, बाबा, हा चुकून निघालाय, पुसून टाका. मी साइटवर टाकला नाही, पण पुसलाही नाही. शेवटी मॅडम म्हणाल्या, "अंकल, हो गया. अब पूरी दुनिया देख सकती है."

दुनियेतलं कुणीही फिरकलं नाही. बघणारा मी एकटाच. मुक्ताचं एकच, घर बंद करा आणि पुण्याला या. मी हट्टाने सांगून बसलो, पाडव्यापर्यंत एक जरी वाचक आला तर इथेच राहीन, नाहीतर येतो. आता पाडवा तोंडावर आलाय. नानाखेड्याचं हे घर सोडायचं कसं गं? तू या घराबाहेर कुठे सापडणार मला?

लोकांना बोलवायचं कसं? आपल्याला एकच रीत माहीत. साइटचा पत्ता छापून घेतला, कार्डांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, पहिलं चिंतामण गणपतीपुढे ठेवलं आणि अक्षता घेऊन दारोदार निघालो. तुझं वर्षश्राद्ध व्हायचंय, हे डोक्यातच आलं नाही. आमंत्रणं नेहमी तूच करायचीस ना?

समोरच्या लेले वहिनींनी हळद बघितली आणि पुढचं वाचलंच नाही. "भाऊजी, अजून साल पण नाही झालं तिला, आणि तुम्ही लग्नाची पत्रिका वाटताय?" एवढं म्हणून कार्ड हातात घेऊनच दार लावून घेतलं.

संध्याकाळपर्यंत मी दुसरं लग्न करतोय, असं गल्लीभर झालं. घरी येऊन मी तुझ्या फोटोपुढे बसून रडलो. राम घाटावर तुझं सगळं केलं तेव्हाही इतका रडलो नव्हतो. माझ्यासारख्या बावळटाला असं एकटं टाकून जाताना तुला काहीच कसं वाटलं नाही?

आणि आज हा प्रश्न. लिहिणाऱ्या लेले वहिनीच! नवरी कोण ते बघायला साइट उघडली असणार. लिहितात, "भाऊजी, माफ करा. तुमच्या दारी यंदा रांगोळी नाही. मी माझ्या दारात सुषमाचं चैत्रांगण काढते. ती सुरुवात कशापासून करायची?"

एक वाचक आला, सुषमा, आणि मला उत्तर येत नाही! साइटवरचे सगळे फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. सूर्य, चंद्र, शंख, झोपाळ्यातली गौर, सगळं पूर्ण, सगळं जागच्या जागी. कशावरून ओळखू पहिलं काय ते? माझी ड्यूटी पहाटेची, तू काढायला बसायचीस तेव्हा मी स्टेशनवर. डोकं आपटून घ्यावंसं वाटतंय.

थांब. तो अर्धवट फोटो! मोबाइल घेऊन येतो.

बघितला. कोरी फरशी, रांगोळीने पांढरा झालेला तुझा अंगठा आणि एकटं कासव. बाकी काही नाही.

"कासवापासून," असं वहिनींना लिहून पाठवलं. चुकलं असेल तर स्वप्नात येऊन रागव, पण ये.

मी कुठेही जात नाही, हा माझा शब्द. तुझ्याबद्दल जो विचारेल त्याला उत्तर देईन. आणि गौर बसेल त्या दिवशी सकाळी लवकर समोरच्या दारात जाऊन उभा राहीन. या वेळी कासवापासून बघेन.

तुझाच,
अहो