शेवटच्या पानावरचा स्वेटर

८ फेब्रुवारी

आज पुन्हा कामाला बसले. सासूबाई म्हणाल्या, "नुसती भिंतीकडे बघत बसलीस तर वेड लागेल गं. दुकान बघ."

दुकान म्हणजे आमची वेबसाइट. बाळांचे विणलेले कपडे. विणतात त्या आणि त्यांच्या मैत्रिणी, मांडामांड माझी. कुठला स्वेटर पहिला दिसायचा, त्याच्या शेजारी कुठला, खाली कुठला. मोबाइलवर एका वेळी दोनच दिसतात. त्या दोघांवर गिऱ्हाईक थांबलं तर थांबलं, नाहीतर गेलं!

आज 'नवजात' विभाग लावायचा होता. नेमका तोच. पांढरं टोपरं उचललं, पहिल्या जागी नेलं, परत खाली सोडलं. मग मोजे वर, दुपटं खाली. दुपारपर्यंत हाच खेळ. शेवटी होतं तसंच ठेवलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

९ फेब्रुवारी

नवऱ्याने आज लहान खोलीत रॅक ठोकले. पाळणा माळ्यावर गेला, तिथे आता लोकरीची पोती. घरभर हातोड्याचे ठोके. मी दारात उभी राहिले तर म्हणाला, "माल ठेवायला जागा झाली."

माल! तोंड उघडलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं मी. नाही उघडलं.

मुलगी होती. आजवर तो तिच्याबद्दल अवाक्षर बोललेला नाही. ती गेली त्याच्या चौथ्या दिवशी ऑफिसला गेला, डबा घेऊन!

१२ फेब्रुवारी

ऑर्डरमध्ये 'बाळाचं नाव' अशी एक चौकट असते. ते नाव आम्ही छोट्या फितीवर भरतो आणि कपड्याच्या आतून शिवतो. कल्पना माझीच. तेव्हा काय हुशार वाटले होते स्वतःला! आता रोज सकाळी लोकांच्या बाळांची नावं वाचायची.

आणि माझ्या मुलीचं नाव मला माहीतच नाही.

वाटणी ठरली होती आमची. मुलगा झाला तर नाव मी ठेवणार, मुलगी झाली तर तो. त्याचं ठरलंही होतं, पण सांगेल तर शपथ! किती लाडीगोडी लावली, रुसून पाहिलं. "तिला हातात घेईन तेव्हा सांगेन."

हातात घेतलंच नाही त्याने. दवाखान्याच्या जिन्यापाशी उभा राहिला. मी एकटीने घेतलं.

१५ फेब्रुवारी

फोटो काढायच्या गठ्ठ्यात तिचा स्वेटर निघाला! लिंबू रंगाचा, एक बाही जरा लांब. विणताना सासूबाई माझ्याशी गप्पांत रंगल्या होत्या, टाके मोजायचे राहिले.

"मीच ठेवला तिथे," त्या म्हणाल्या. "कपाटात राहिला तर रोज काढून बघशील. एखाद्या लेकराला ऊब तरी मिळेल." बोलता बोलता पदराने डोळे पुसत होत्या. त्यांच्याशी कशी भांडू?

वर्णन मीच लिहिलं. मऊ लोकर. जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत. एकच नग.

१६ फेब्रुवारी

"जेवलीस?" "हो." दिवसभरात एवढंच.

१९ फेब्रुवारी

तो स्वेटर काढून टाकायला गेले. पडद्यावर प्रश्न आला, कायमचं काढायचं? बोट पुढे जाईना. लपवायचंही बटण आहे, पण लपवलं की माझ्या पडद्यावर तो राखाडी होतो, विझल्यासारखा. तेही बघवेना.

म्हणून उचलला आणि ओढत ओढत पार शेवटी नेला. शेवटच्या पानावर, शेवटच्या जागी. तिथवर कोणी जात नाही. नवीन काही आलं की तो एक घर वर सरकेल, मी पुन्हा खाली नेईन. विकायचा नाही, काढायचा नाही — ही कसली दुकानदारी!

२१ फेब्रुवारी

हा आजकाल जेवण झालं की मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. अंगठा नुसता खाली, खाली, खाली. काय एवढं बघतो कोण जाणे. माझ्याकडे बघायला मात्र वेळ नाही. दगड आहे दगड! असल्या माणसाबरोबर उरलेला जन्म काढायचा कसा?

आईला फोन केला. थोडे दिवस माहेरी येते म्हटलं. "कधीही ये," म्हणाली.

२४ फेब्रुवारी

घात झाला! सासूबाई आपल्या मोबाइलवरून दुकानाचं खातं उघडून बघायला गेल्या आणि कुठलंतरी बटण दाबून बसल्या. मी लावलेला सगळा क्रम मोडून 'नवीन आधी' झाला. सर्वांत नवीन काय? तोच, त्याच्यानंतर मी काही चढवलंच नव्हतं. पहिल्या पानावर, पहिल्या जागी, सगळ्या जगासमोर!

मी पाहिलं तोवर त्याच्यावर 'संपले' अशी पट्टी आली होती. कोणीतरी घेतला.

सासूबाईंवर ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदाच. त्या खुर्चीत बसून राहिल्या, म्हणाल्या, "बोल गं, मोकळी हो." मग मलाच लाज वाटली.

नवरा घरात आला, आमचे चेहरे बघितले आणि सरळ आत निघून गेला. बॅग भरली आहे मी. फीत तेवढी शिवून स्वेटर माझ्या हातांनी बांधते, मग जाते. ऑर्डर आज उघडवत नाही.

२५ फेब्रुवारी

ऑर्डर उघडली. पत्ता आमच्याच घराचा. घेणारा — तो.

नावाची चौकट भरलेली आहे.

फीत शिवून झाली. नाव इथे लिहीत नाही. संध्याकाळी तो आला की स्वेटर त्याच्या हातात देईन, आणि मग त्याच्या तोंडून ऐकेन.