तुझ्या कूलर कंपनीचा पहिला नफा

प्रिय आई,

काल मनोज आणि ज्योती मलकापूरहून इकडे बुलढाण्याला आले होते. पेढ्यांचा पुडा घेऊन. मनोज दारातच चपला काढता काढता म्हणाला, "ताई, काकूच्या वाट्याचा नफा घेऊन आलो. कंपनीचा पह्यला नफा हाय."

मी पुडा हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. नफा? या मे महिन्यात तू गेलीस, उन्हानं गेलीस, आणि त्याच उन्हाचा नफा माझ्या दारात पेढे घेऊन यावा? मला रडू आलं नाही. राग आला का, तेही नक्की सांगता येत नाही. तुझ्या जावयांनीच त्यांना बसवलं, पाणी दिलं. जाताना ज्योतीनं हळूच विचारलं, "ताई, काकूचे शेअर कंपनीत ठेवाचे का काढून घ्याचे, थे तुमीच सांगा. तुमी म्हनसान तसं करू."

आता हे मी कोणाला विचारू? पैशाचं काहीही असलं की आपल्या घरात तुलाच विचारायची सवय. म्हणून लिहायला बसले.

तुला आठवतं, तू पोस्टातून रिटायर झालीस त्यानंतर एका सकाळी तुझा फोन आला होता? "वैशू, मी एका कंपनीत पैसे टाकले."

मी चहा गाळत होते, तो ओट्यावर सांडला. तू? जन्मभर पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांना "जास्त व्याजाच्या नादी लागू नका" म्हणून दटावणारी तू? घरी कोणी स्कीम घेऊन आला तर त्याला चहासुद्धा न विचारणारी तू?

"कसली कंपनी?"

"कूलरची. आपल्या मनोजची."

मनोज म्हणजे खालच्या खोलीतला भाडेकरू. आयटीआय झालेला, दर उन्हाळ्यात गावभर कूलर दुरुस्त करत हिंडणारा. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, ज्योतीनं, हायवेकडे एक शेड घेऊन स्वतःच कूलर बनवायचे ठरवले होते. पत्र्याची बॉडी त्याची, हिशेब ज्योतीचा आणि भांडवल तुझं! मी म्हटलं, बरं, म्हणजे तू भागीदार झालीस. तर तू मलाच सुधारलंस. "भागीदार नाही वं, शेअरहोल्डर म्हन. प्रायव्हेट लिमिटेड हाय ना."

"आई, आणि उन्हाळ्यात पाऊस पडला तर?"

"मलकापुरात? उन्हायात? येडी झाली काय वं तू?"

पडला ना, आई! पहिल्याच उन्हाळ्यात पडला. ऐन एप्रिलमध्ये आभाळ असं काही भरून यायचं की लोक पंखेसुद्धा बंद करून झोपायचे. मेहकरला मामाच्या नातीच्या लग्नात सगळं वऱ्हाड गार वाऱ्यावर खूश होतं, आणि मांडवात एकटी तूच अशी बसली होतीस जणू कोणी तुझा अपमान केलाय. मामानं येऊन तुला डिवचलं होतं. "ताई, तू देवाले ऊन मांगतं, आमी शेतकरी पानी मांगतो. त्यानं आयकाव तरी कोनाचं?"

तू फणकाऱ्यानं म्हणालीस, "ज्याचा जेव्हा टाईम असन, तेव्हा त्याचं आयकाव. हा टाईम माहा हाय!"

दुसऱ्या उन्हाळ्यात गारा पडल्या. शेडमध्ये तयार कूलर छताला भिडले होते. मी तेव्हा तुला स्पष्ट म्हणाले, आई, जे काही उरलं असेल ते काढून घे, आभाळाच्या भरवशावर कोणी धंदा करतं का? तू शांतपणे म्हणालीस, "माल खराब नाही आपला. हवा खराब हाय. हवा बदलते."

एक गोष्ट मात्र मी तुला कधी बोलून दाखवली नाही. बाबा गेल्यावर तू घरात नुसती बसून असायचीस. शेड सुरू झाली आणि तू पुन्हा सकाळी इस्त्रीची साडी नेसून बाहेर पडायला लागलीस. कूलरमधला टिल्लू पंप कुठून स्वस्त मिळतो, वाळ्याच्या ताट्या किती जाड हव्यात, कोणता दुकानदार उधारीत बुडवतो, हे सगळं तू मला फोनवर असं सांगायचीस की मला हसू यायचं. मोबाईलवर हवामान बघायलाही तू तेव्हाच शिकलीस. नुकसानीत असलेली एवढी आनंदी बाई मी दुसरी पाहिलेली नाही!

आणि मग हा उन्हाळा आला.

होळी झाली आणि तापायला जे लागलं ते थांबेचना. तुझा फोन आला की आवाजच वेगळा. "वैशू, आज त् निस्ती आग हाय, आग!" लोकांच्या घरी मुलगा झाल्यावर सांगतात ना, तसं सांगायचीस. मी म्हणायचे, "अगं, लोक होरपळतायत." तर म्हणायचीस, "म्हनूनच त् कूलर घेऊन राह्यले." अकोल्याचे दुकानदार शेडवर पोचले, जळगावचे पोचले. शेड रिकामी झाली. मनोजला रात्रंदिवस पत्रा कापायला माणसं पुरेनात.

मी किती वेळा म्हटलं, आई, इकडे वर ये. आपल्या बुलढाण्याला निदान संध्याकाळी तरी वारा असतो. आणि तू काय म्हणालीस? "सीझन सोडून कोन मालक गाव सोडते?"

त्या दिवशी सकाळीही बोललो आपण. तुझा आवाज मला थकलेला वाटला. मी विचारलं, "कूलर चालू आहे ना?"

"हाव ना. थांब, आयक." आणि तू फोन कुठेतरी धरलास. घर्र घर्र आवाज आला. मी निर्धास्त झाले, फोन ठेवला.

दुपारी मनोजचा फोन. "ताई, काकूले दवाखान्यात आनलं. तुमी लवकर या." राजूर घाट उतरताना गाडीच्या काचेला हात लावता येत नव्हता. दवाखान्यात तू डोळे मिटून पडली होतीस, अंगावर ओल्या चादरी, काखेत बर्फाच्या पिशव्या. तुझ्या कपाळाला हात लावला आणि मी तो झटकन मागे घेतला. माणसाचं अंग इतकं तापू शकतं?

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "घरात कूलर नव्हता का?"

मी जवळजवळ ओरडले, "अहो, तिची कूलरचीच कंपनी आहे!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. संध्याकाळ व्हायच्या आत तू गेलीस. तुझ्या तोंडून एक शब्द नाही, एक हाक नाही. असं कोणी जातं का गं?

तुला घरी आणण्याआधी मी पुढे गेले, खोली झाडायला. दार उघडलं आणि मला काही कळेचना. खिडकी रिकामी! बाहेर लोखंडी स्टँड उभा, पाण्याची नळी खाली लोंबत होती, आणि कूलरच्या जागेतून ऊन सरळ तुझ्या पलंगावर पडत होतं. मला वाटलं, चोरी झाली. खरंच, आई, पहिल्यांदा मनात तेच आलं. मग उशाशी खुर्चीवर जुना टेबलफॅन दिसला. घर्र घर्र करणारा. सकाळी मला ऐकवलास तो हाच.

मी तिथेच खाली बसले. तू माझ्याशी खोटं बोललीस? तू?

मनोजला मी दहाव्यापर्यंत काही विचारलं नाही. तोही समोर यायचा टाळत होता. नदीवरून परतल्यावर मी त्याला अंगणात गाठलं. "आईच्या खिडकीतला कूलर कुठे गेला?"

त्यानं मान खाली घातली. "इकला, ताई."

"कोणी?"

"काकूनंच. शेडमधी एकही पीस नव्हता. पंखे इंदूरवरून येनार होते, गाडी रस्त्यात बंद पडली. अन् एक बाई आली, तिची पोरगी बायंतपनाले आलेली, टिनाची खोली, लेकराच्या अंगभर घामोया. काकू म्हने, थांब बाई, एक पीस हाय. मले वाटलं, काकूले काई आठवलं असन. घरी येऊन पाह्यतो त् काकू खिडकीतला काढून राह्यल्या."

"आणि तू काढू दिलास?"

"म्हनलं ना ताई म्या! काकू, तुमाले कसं होईन? त् माह्यावरच भडकल्या. म्हने, दोन उन्हाये म्या याच दिवसाची वाट पाह्यली का गिऱ्हाईक यावं अन् माल कमी पडावा, अन् तू गिऱ्हाईक वापस पाठवतं? दोन दिवसाचा त् प्रश्न हाय."

मी म्हटलं, "म्हणजे बाळंतिणीला फुकट दिला तिनं."

मनोज घुटमळला. मग म्हणाला, "नाही ताई. फुकट नाही देला. वापरलेला होता म्हनून भाव कमी केला. पन पावती फाडली."

आई! तू विकलास? भर मे महिन्यात, मलकापुरात, स्वतःच्या डोक्यावरचा गारवा विकलास आणि वर पावती फाडलीस? दान केलं असतंस तर मी लोकांना सांगितलं असतं, माझी आई देवमाणूस होती. लोकांनी माना डोलवल्या असत्या. आता काय सांगू? की तिला धंद्याचा एवढा आनंद झाला होता? मनोजला मी तेव्हा नको ते बोलले. तो ऐकून घेत राहिला. इंदूरची गाडी तू गेल्यावर आली, आणि त्यानं कितीतरी दिवस ते पंखे उतरवलेच नाहीत, हे मला ज्योतीनं नंतर सांगितलं.

तेराव्यानंतर निघायच्या आधी मी त्या घरी गेले. का गेले? कूलर परत आणायला, असं स्वतःला सांगत होते. पैसे तोंडावर टाकीन आणि उचलून आणीन. ज्योती नको नको म्हणत असताना तिच्याकडून पत्ता घेतला.

मनोज म्हणाला होता तशीच टिनाची खोली. दार ढकललं आणि अंगावर गार, ओल्या वाळ्याचा वास आला. तुझ्या खोलीतला वास, आई. बाज कूलरच्या समोर टाकलेली होती आणि तिच्यावर एक एवढंसं पोर हातपाय पसरून झोपलं होतं. घामोळ्या सुकल्या होत्या. बाळंतीण उठून बसली. रेणुका तिचं नाव, वयानं अगदी लहान.

"कूलर बरोबर चालतो का, पाहायला आले," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"कंपनीच्या होय का तुमी? या ना, बसा." तिनं लगबगीनं जागा केली. "मस्त चालते. याच्याशिवाय माहं लेकरू झोपतच नोतं. थ्या काकू कशा हायेत? मायले म्हनल्या होत्या, चार-पाच उन्हाये काई होत नाही. झालंच त् मले सांगजो, मी सोता येईन. सांगजा त्याईले, बाळ चांगलं हाय म्हनून."

मी पोराकडे पाहत राहिले. त्याला दूध पाजणाऱ्या त्या पोरीला काय सांगू, काकू कशा आहेत ते? "सांगते," एवढंच म्हणाले आणि बाहेर आले. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

अजूनही मला धक्का बसल्यासारखंच होतं. भांडी घासताना, गाडी चालवताना मध्येच आठवतं आणि हात थांबतो. तू कूलर विकतेस काय, फोनवर पंखा ऐकवतेस काय, जातेस काय! तुझ्यावर रागवायचं तर तू समोर नाहीस. आणि समोर असतीस तर तू मलाच ऐकवलं असतंस, "नफा झाला ना शेवटी? म्या म्हनलं नोतं?"

झाला गं, आई. नफा झाला. हेच तर सहन होत नाही.

पण आज हे सगळं लिहून काढताना एक गोष्ट लक्षात आली. तुझे पैसे त्या शेडमधून काढून मी ठेवू कुठे? पोस्टात? जिथे तू इतकी वर्षं बसलीस आणि घरी येऊन एक शब्द बोलायची नाहीस, तिथे? तू जिथे हसत होतीस, तिथेच ते राहू देत. मनोजला आज तसं कळवते. त्याची माफीही मागते. पुढच्या उन्हाळ्यात पाऊस पडो, गारा पडोत, मी काही म्हणणार नाही. मात्र ऊन पडावं म्हणून देवापुढे हात जोडणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. तेवढं तू मला मागू नकोस.

एक वचन देते. रेणुकाच्या आईला तू जो शब्द दिलास, तो आता माझ्याकडे आला. होळीच्या आधी मी मलकापूरला येईन, नव्या ताट्या आणि पंप घेऊन. त्या लेकराचा कूलर स्वतः उभं राहून सुरू करून देईन. आणि गार वारा सुटला, की मग तिला सांगेन, काकू कशा आहेत ते.

तुझी,
वैशू