श्वास रोखून धरा

८ जानेवारी, सोमवार

आज रुजू झाले. आधीच्या नोकरीत आठ वर्षं तळघरात काढली. इथे सीटी स्कॅनच्या कंट्रोल रूमला चक्क खिडकी आहे, बाहेर एक झाड आहे आणि झाडावर खारी आहेत. मला लॉटरी लागल्यासारखंच झालं. खिडकीसमोरच्या भिंतीत जाड काच, काचेपलीकडे मशीन.

विभागात आम्ही चौघं. अहवाल लिहिणारे मोठे डॉक्टर, हाताला सुई लावणारी सिस्टर, पेशंटला टेबलावर चढवणारे-उतरवणारे काका आणि मशीन चालवणारी मी. काकांना सगळे घड्याळकाका म्हणतात, कारण त्यांच्या चहावरून लोक घड्याळ लावतात. मी खुर्चीची उंची कमी करत होते तेव्हा म्हणाले, आधीच्या बाई उंच होत्या, तुम्हाला मशीन वरून रागावल्यासारखं दिसेल.

येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या. गाठ निघाली, केमो संपलं, केस परत आले, तरी अधूनमधून यकृत बघावं लागतं. आजार परत आला तर बऱ्याचदा तिथे जाऊन बसतो.

घरी येऊन ताईला फोन केला. तिच्या ऑपरेशनला तीन वर्षं झाली. पुढचं स्कॅन सहा फेब्रुवारीला, आणि यंदा ते मी करणार. आता तरी रांगेत पुढे घेशील ना शेंडेफळ, म्हणाली. बेचाळीस वर्षांची झाले तरी घरात मी शेंडेफळच. फोन ठेवता ठेवता तिचं ठरलेलं वाक्य, तूही एकदा तपासून घे. माझंही ठरलेलं, घेईन गं.

११ जानेवारी, गुरुवार

काम अंगवळणी पडतंय. शिरेतून औषध सोडलं की अंगभर गरम लाट येते. ते आधी सांगितलं नाही, तर कपडे ओले झाले की काय म्हणून बायका लाजून रडकुंडीला येतात. सत्तर सेकंदांनी यकृत उजळतं आणि त्या उजेडात आजाराचे डाग काळसर दिसतात. त्या वेळी काही सेकंद श्वास रोखायचा असतो. नाही रोखला तर चित्र हलतं, लहानसा डाग पुसला जातो, आणि आपण बाईला हसतमुखाने घरी पाठवतो.

अडचण आहे ती मशीनच्या आवाजाची. 'दीर्घ श्वास घेऊन श्वसन थांबवावे.' कोण बोलतं असं? आज एक आजी टेबलावरूनच ओरडल्या, किती वेळ गं बाई, कायमचं? सिस्टर इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली.

चित्र मात्र हललं. आजींना परत बोलवावं लागणार.

१६ जानेवारी, मंगळवार

या मशीनमध्ये आपला आवाज भरता येतो. दुपारी भरला. 'श्वास आत घ्या. रोखून धरा.' मग स्कॅन. मग 'सोडा आता.' एवढंच. लहानपणी ताई माझ्या गुडघ्याला औषध लावताना ज्या आवाजात बोलायची, तो आणायचा प्रयत्न केला.

डॉक्टरांना आवडलं. घड्याळकाकांना नाही. त्यांचं म्हणणं, कोरडा आवाज बरा होता, त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

२२ जानेवारी, सोमवार

आठवडाभर एकही चित्र हललेलं नाही. परत बोलावलेल्या आजींचंसुद्धा स्वच्छ निघालं.

आज एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या होत्या. कडक इस्त्रीची साडी, उच्चार शाळेतलेच. उतरल्यावर माझा हात धरून म्हणाल्या की तुमच्या धीर देण्याने फार बरं वाटलं. मी धीर वगैरे दिला नव्हता. मला वाटलं, माझ्या आवाजाबद्दल म्हणताहेत.

त्यांच्या यकृतात सात डाग निघाले. मागच्या खेपेला एकही नव्हता.

२५ जानेवारी, गुरुवार

शिवणकाम करणारी एक बाई. स्कॅन चालू असताना काचेतून तिच्याकडे बघत होते. श्वास रोखलेला, डोळे मिटलेले. आणि तिने मान हलवली. आपण कुणाचं ऐकून 'बरं' म्हणतो, तशी.

त्या क्षणी स्पीकर बंद होता.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, माझ्या धाकटीचं तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, कोण धाकटी? तर म्हणाली, असं काय करता ताई, तुम्हीच तर म्हणालात की काही नाही, होईल सगळं नीट, धाकटीची काळजी करू नका.

चार डाग.

संध्याकाळी रेकॉर्डिंग वीस वेळा तरी ऐकलं. दोनच वाक्यं आणि 'सोडा आता'. दुसरं काही नाही.

३० जानेवारी, मंगळवार

घड्याळकाकांना विचारलं. ते बायकांना उतरवून घेतात, त्यांच्याशी बायका बोलतात. काका म्हणाले, हो, काही जणी सांगतात. एकीला तुम्ही वहिनी म्हणालात, एकीला माहेरच्या नावाने हाक मारलीत. मला वाटलं, तुम्ही कागद वाचून ठेवत असाल.

माहेरचं नाव कुठल्याच कागदावर नसतं.

मग डॉक्टरांचे अहवाल काढून बसले. सोळा तारखेपासून एकोणतीस बायका. मान हलवली असं ज्यांच्याबाबत काकांना किंवा मला आठवतंय, अशा पाच. पाचही जणींच्या यकृतात नवे डाग. बाकी चोवीस जणींच्या यकृतात काहीही नाही.

तिला आधी कळतं, की तिने धीर दिला म्हणून होतं?

'तिला' लिहिलं. आवाज माझाच आहे.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

रेकॉर्डिंग पुसून टाकलं. जुना आवाज परत लावला. श्वसन थांबवावे. सिस्टर वैतागली, मी काहीतरी कारण सांगितलं.

अकरा वाजता एक बँकेतली बाई. काचेतून बघत होते. जुना आवाज थांबला. नंतर तिने मान हलवली. हसलीसुद्धा.

आवाज किती गोड आहे हो तुमचा, म्हणाली.

मी चित्रं न बघताच उठले. डॉक्टरांनी मागून हाक मारली, अहो, हे पाहिलंत का, एवढी तरुण बाई आणि—

५ फेब्रुवारी, सोमवार

उद्या ताई.

तारीख बदलू या म्हटलं तर तिने उडवून लावलं. तुझ्या हातून होणार आहे म्हणून तर पहिल्यांदाच भीती वाटत नाहीये, म्हणाली.

मी जुना आवाजही बंद केलाय. उद्या स्वतः माइकवर बोलणार. बटण माझ्या बोटाखाली असेल.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. खिडकीतून ऊन येत होतं. काचेपलीकडचं टेबल रिकामं. मी माइकचं बटण दाबलं आणि म्हणाले, ताईला काही सांगू नकोस. एवढं ऐक माझं. हवं तर मला सांग.

वेड्यासारखं वाटलं. बटण सोडलं.

बटण सोडल्यावर पलीकडे कुणीतरी श्वास आत घेतला.

६ फेब्रुवारी, मंगळवार

ताईने मान हलवली नाही. सगळा वेळ बघत होते, पापणीसुद्धा लवली नाही माझी.

डॉक्टर म्हणाले, लिव्हर एकदम स्वच्छ. दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी मला खुर्चीत बसवून एकेक चित्र दाखवलं. कुठेच काही नाही.

ताई बाहेर येऊन सगळ्यांना सांगत होती, सख्ख्या बहिणीला श्वास आत 'घ्या' म्हणते, केवढी साहेबीण झालीय! घड्याळकाका चहा सोडून हसायला आले. मी तिला मिठी मारून रडले. ती म्हणाली, अगं, मला काही झालेलं नाही, रडतेस काय! मग पाठीवर थोपटत, आता तुझा नंबर, तपासून घे.

तिने नेहमीचंच म्हटलं. नेहमीचंच.

७ फेब्रुवारी, बुधवार

सकाळची चाचणी. पेशंट येण्याआधी रोज पाण्याने भरलेला गोल डबा टेबलावर ठेवून मशीन तपासायचं असतं. तो ठेवायला आत गेले.

कंट्रोल रूम रिकामी होती. काचेतून माझी खुर्ची दिसत होती.

स्पीकर लागला. शेंडेफळ, म्हणाली.

माझाच आवाज. पण ताईचा. गुडघ्याला औषध लावतानाचा.

काही नाही गं. होईल सगळं नीट.

मी मान हलवली— मुद्दाम नाही— आपोआप—

तिथेच, वर्दीच्या आत हात घातला. डावीकडे, काखेजवळ. कितीदा त्या जागेवरून साबण फिरवलाय मी. वाटाण्याएवढं. हलत नाही.

त्याच दिवशी, लगेच

बाहेर जाता येत नाहीये. दार बंद नाही. पाय—

टेबलाच्या काठावर बसलेय. रोजनिशी खिशात होती. काका येतील, नऊला येतात, एक मिनिटही—

ताईला कुणीतरी सांगा की तिचं स्वच्छ आहे. माझ्यामुळे घाबरून तिने स्वतःला त्रास करून घेऊ नये—

मशीन फिरायला लागलंय. कुणी चालू केलं—

अंगभर गरम लाट आली. सुई नाही. औषध नाही.

श्वास आत घे, म्हणाली.

घेतला.

रोखून धर.

धरलाय. 'सोडा आता' म्हणेल. मीच भरलं होतं ते, माझ्याच आवाजात, म्हणायलाच हवं. काचेपलीकडे खुर्चीत कुणी बसलंय. वाकून माइककडे— माझ्याकडे बघून मान—

अजून म्हणाली नाही. छातीत कळ. किती वेळ गं बाई—

अजून नाही म्ह