हजेरीचं कलम

मांगाया बेट, ३ मे १९७४

चि. पापातुआ यास, थोरल्या बहिणीचे अ. आ.

तुमच्या समितीचं पत्र मिळालं. जानेवारीत परीक्षक पाहून गेले त्या आईच्या गोधडीला सगळ्या बेटांत पहिला मान! शिवणाऱ्या बायकांनी चर्चमध्येच टाळ्या पिटल्या. पण खाली कलम सात: मानकऱ्याने रारोटोंगाला जातीने हजर राहावे, अन्यथा मान दुसऱ्यास. अरे, ब्याऐंशीची आई पलंगावरून उठत नाही, ती लाटांतून बोटीवर चढणार? तू सचिव ना? मग कलम वाचताना डोळे कुठे होते? ती मात्र रोज विचारते, माझी मानाची फीत कधी येणार. तिच्या वतीने मी येते. जेवायला तारोचे कंद आणि आंबट मासे करून ठेव.

लोभ आहे, तो टिकवणं तुझ्या हाती.
उपोकोइना

रारोटोंगा, १८ मे

ति. अक्कास सा. न. वि. वि.

कलम मीच लिहिलं. गेल्या वर्षी तीन मानकरी फिरकलेच नाहीत. मंत्रीसाहेब फुलांचा हार हातात धरून रिकाम्या खुर्चीसमोर उभे, आणि लोक फिदीफिदी हसतायत. हा देणाऱ्याचा अपमान नाही का? आता आपल्याच आईसाठी सूट दिली तर लोक तोंडात शेण घालतील. तरी मी विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, सचिवाच्या घरापासूनच सुरुवात का? मी पुढचा विषय घेतला. बदली माणूसही चालत नाही. गोधडी तेवढी प्रदर्शनासाठी पाठव. सोहळा उरकला की पहिल्या बोटीने येतो, आईला सांग.

राग सोडून कृपा असावी.
पापातुआ

मांगाया, २२ जून

पापातुआ,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही.

आई गेल्या आठवड्यात गुरुवारी गेली. तार मिळाली तेव्हा तू सोहळ्याच्या खुर्च्या मांडत होतास म्हणे. शेवटच्या आठवड्यात तिने फितीचं नावही काढलं नाही. पापातुआ आला का, एवढंच विचारायची. शुक्रवारी तिकडे तुमच्या टाळ्या चालू होत्या, तेव्हा आम्ही रीतीप्रमाणे तिला तिच्या गोधडीत गुंडाळून अंगणात पुरलं.

काल बोट आली. तू उतरशील म्हणून मी किनाऱ्यावर उभी होते. उतरली ती समितीची चिठ्ठी: गोधडी अद्याप पोचली नाही, खुलासा करावा. लाज कशी वाटत नाही तुम्हाला? मान दुसऱ्याला दिलात ना, मग गोधडी कशाला?

खुलासा असा: मानकरी आणि गोधडी एकाच जागी हजर आहेत. हार घालायचा त्याने इथे यावं. तू तर यायलाच हवंस, आणि त्यासाठी कलम लागत नाही.

तुझी अक्का