वाफ्यातले तुरे

ती. आईस,
धाकटीचा अगदी वाकून नमस्कार.

मी इकडे ठणठणीत आहे. जेवणही वेळेवर होतं.

बाबांनी पाठवलेल्या फोटोत तू दारात खुर्चीवर बसून हसतेस, पण माझी नजर मागच्या माठाच्या भाजीवर गेली. अख्खा वाफा तुऱ्यावर आलाय! बी धरायला ठेवलाय म्हणू नकोस. बियांसाठी तू दोनच झाडं राखतेस, बाकीचा माठ कोवळा असतानाच खुडतेस. मग आता वाकता येत नाही का? गुडघे की कंबर? बाबा फोनवर नुसतं "सगळं ठीक" म्हणाले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

खरं काय ते तुझ्या हातानं लिही.

तुझी,
धाकटी

ता.क. माझ्याही सगळ्या कुंड्यांतल्या माठाला तुरे आलेत. पण ते मी मुद्दाम बी धरायला ठेवलेत.